चराईबंदी कोणाच्या शेळीवर?

आळीपाळीने चराई, म्हणजे कुरणाचे भाग पाडून एक चारायचा आणि बाकीचे विसाव्याला ठेवायचे. मुळाला उसंत मिळाली की गवत पुन्हा फुटतं. शास्त्र चोख आहे. जगात अनेक सरकारं यासाठी पशुपालकाला कुंपणाचे, पाण्याचे पैसे देतात. पण पैसे मिळतात ते ज्याच्या नावावर कुरण आहे त्याला. मित्रांनो, आपल्या माणसाच्या नावावर काय होतं?

महाराष्ट्रात सरकारने विसाव्याऐवजी बंदी निवडली. 1992 च्या आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदीच्या शेजारी चराईबंदी आली. राळेगणसिद्धी, हिवरे बाजारचं कौतुक आपण शाळेपासून ऐकतो, आणि तिथे गवत वाढलं हे खरंच आहे. पण गोठ्यात बांधून चारा घालायला आधी गोठा लागतो, चारा पिकवायला रान लागतं. बागायतदाराची संकरित गाय गोठ्यात सुखाने उभी राहते. भूमिहीन बाईच्या दोन शेळ्या मात्र गुन्हेगार ठरतात. हा निव्वळ पर्यावरणाचा प्रश्न आहे असं मला समाजशास्त्र शिकूनही पटलेलं नाही.

बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये सरकारी पडीक जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती. दादासाहेब गायकवाडांनी 6 डिसेंबर 1964 ला देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला, लाखो लोक तुरुंगात गेले. मराठवाड्यात माणसं गायरानावर नांगर धरून बसली. अखेर 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीन दलितांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. कागदावर.

मग 2011 साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, आणि 12 जुलै 2011 ला राज्याचा निर्णय निघाला. गायरान वाचवा म्हणणारे हा निकाल मिरवतात. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेनुसार पट्टा दिलेला असेल तर अपवादाची वाट ठेवलेली आहे, तेवढं वाक्य वाचायचं राहून जातं!

गायरानात चराईचे भाग पाडायचे असतील तर खुशाल पाडा. एक भाग भूमिहीनांच्या शेळ्यांचा धरा, पाळी ठरवायला त्यांनाही बसवा.

दिव्यातल्या चाळींत राहणाऱ्या, गावाकडे अशी जमीन कसणाऱ्या घरांतल्या पोरांनी यंदा सुट्टीत गेल्यावर गायरानाचा सातबारा काढावा. 1990 पूर्वीच्या कब्जाचा एखादा पंचनामा, दंडाची पावती घरच्या पेटीत आहे का, तेही पाहावं.