जुन्या घराची ओल : आधी निदान, मग गिलावा

पावसाळा सरला की पुण्याच्या पेठांमधील जुन्या घरांत पोपडे खरवडण्याचे काम निघते. त्यावर सिमेंटचा नवा गिलावा, वर जलरोधक रंग आणि काही वर्षांत पुन्हा तेच पोपडे, फक्त हातभर वर! दोष बहुधा गवंड्याचा नसतो. पाणी कुठून येते, हे कोणी पाहिलेलेच नसते.

जमिनीलगत सुरू होऊन साधारण मीटरभर उंचीवर पांढरट रेघेशी थांबणारी ओल जोत्यातून चढलेली असते. विटा आणि चुना यांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने वर येते, हवेत उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. लोणा म्हणतात तो हाच. याउलट, पावसात उमटून उन्हाळ्यात सुकणारा वरचा डाग कौले, पन्हळ किंवा बाहेरच्या भेगा यांच्याकडे बोट दाखवतो. मोरीलगतचा डाग बारमाही असेल, तर रात्री सर्व तोट्या बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपावा व सकाळी पुन्हा पाहावा. तरीही शंका उरल्यास स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. खोलीकडील बाजूस पाण्याचे बिंदू जमले, तर ते हवेतील बाष्प. तेथे खेळती हवा पुरते. भिंतीकडील बाजू ओली झाली, तर पाणी भिंतीतच आहे.

चुन्यातील भिंत ओल घेते, तशी सोडतेही. सिमेंटचा थर तिची ही वाट अडवतो. पाणी मग आणखी वर चढते. खरा धोका दिसत नाही. वाड्यांच्या भिंतींत लाकडी खांब आणि तुळयांची टोके गाडलेली असतात. ती आतल्या आत कुजतात, वाळवी धरतात आणि बाहेरून भिंत गुळगुळीत दिसत राहते. लाकडात टोच्या सहज शिरत असेल किंवा तुळई झुकली असेल, तर गिलाव्याचा विचार बाजूला ठेवून आधी संरचना अभियंत्याला बोलवावे.

उपायांची सुरुवात घराबाहेरून करावी. अंगणात फरशीवर फरशी चढत जाऊन जमीन जोत्याच्या वर आलेली असते. ती उतरवून उतार भिंतीपासून दूर काढावा, पन्हळी दुरुस्त कराव्यात. मग डागाच्या वर अर्धा मीटरपर्यंतचा सिमेंट गिलावा काढावा. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा. धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत जातात. जाड भिंत सुकण्यास कित्येक महिने लागतात आणि घाई नडते ती इथेच. सुकल्यावर चुना-सुरखीचा गिलावा व चुन्याचीच सफेदी करावी.

जोत्यालगत भोके पाडून सिलिकॉनयुक्त रसायन भरण्याची पद्धतही आहे. विटांच्या सलग भिंतीत तिचा उपयोग होऊ शकतो. दोन्ही बाजूंना दगड व मध्ये मातीची भर असलेल्या भिंतीत मात्र रसायन सर्वत्र पोहोचेलच, याची हमी नसते.