खासगी वाहनतळांचा सामायिक वापर : उल्हासनगर कॅम्प २ च्या संदर्भात ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
शहरातील खासगी वाहनतळ दिवसातील अनेक तास रिकामे असतात, तर त्याच वेळी लगतच्या रस्त्यावर वाहनांची दाटी होते. अशा जागांच्या सामायिक वापराचा विचार सामान्यतः वाहतूक नियोजनाचा भाग म्हणून केला जातो. उल्हासनगरच्या बाबतीत मात्र हा प्रश्न मूलतः जमिनीच्या मालकीचा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी तळ उभारण्यात आला. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आश्रय मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. बराकींतील खोल्या कुटुंबांना वाटून देण्यात आल्या. विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) अधिनियम, १९५४ नंतर मालकीच्या सनदा मिळू लागल्या. त्यामुळे बराकीऐवजी खोली हे मालकीचे एकक बनले. पुढे अशाच लहान जागांवर मजले चढत गेले. वाहनासाठी जागा सोडण्यास तेथे वाव नव्हता.

कायद्याची चौकट :
अनधिकृत बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेल्यानंतर राज्य शासनाने २००६ मध्ये उल्हासनगरसाठी ती नियमित करणारा स्वतंत्र कायदा केला. शुल्क भरून बांधकाम नियमित होते. न सोडलेली जागा मात्र त्यामुळे निर्माण होत नाही. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली गृहनिर्माण संस्था या खटल्यात, इमारतीखालील खांबांमधील वाहनतळ विकासकास स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय दिला. म्हणजेच अशा जागेच्या सामायिक वापराचा निर्णय एका सदनिकाधारकाचा नसून संस्थेचा ठरतो.

कॅम्प २ मधील स्थिती :
गजानन मार्केट, जपानी बाजार यांसारख्या बाजारपेठांमुळे येथे दिवसा ग्राहकांची व मालवाहू वाहनांची, तर रात्री रहिवाशांच्या वाहनांची गरज असते. मागणीच्या वेळा भिन्न असल्याने सामायिक वापर तत्त्वतः शक्य आहे. परंतु वाटून घेण्याजोगा वाहनतळ प्रामुख्याने नव्या इमारतींतच आढळतो. खोलीधारकाकडे देण्यासाठी काहीच नसते, आणि त्याचे वाहन रस्त्यावरच राहते. केवळ भाड्याच्या तत्त्वावर योजना राबविल्यास तिचा लाभ जागा असणाऱ्यांनाच अधिक होईल.

निष्कर्ष :
डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत अनेक मालकांनी मिळून सामायिक वाहनतळ देण्याची तरतूद आहे. उल्हासनगरच्या इतिहासाशी हीच तरतूद अधिक सुसंगत आहे. एकेका सनदेचा स्वतंत्र पुनर्विकास झाल्यास जुनी अडचणच नव्या इमारतीत उतरेल. लगतच्या सनदाधारकांनी एकत्र येऊन पुनर्विकास केला आणि वाहनतळाची मालकी सामायिक ठेवली, तरच दिवसा बाजारासाठी व रात्री रहिवाशांसाठी त्याचा न्याय्य वापर करता येईल. एकूणच, येथे वाहनतळाच्या सामायिक वापराआधी जमिनीचे एकत्रीकरण होणे आवश्यक आहे.