बोट गेली, क्रूझ आली : समुद्रप्रवासाचा अर्थ कसा बदलला?

१/
२०२४ या एका वर्षात जगभरात ३ कोटी ४६ लाख लोकांनी क्रूझ जहाजांवरून समुद्रपर्यटन केले. २०११ च्या जनगणनेत आपल्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे १७ लाख होती. म्हणजे अशी वीस शहरे वर्षभरात समुद्रावर जाऊन आली. त्यांतील पुष्कळजण ज्या बंदरातून निघाले, त्याच बंदरात परत उतरले. त्यांना कोठेही पोहोचायचे नव्हते.

२/
आमच्या सोसायटीत मालवणकडच्या एक आजी राहतात. लग्नानंतर त्या बोटीने मुंबईला आल्या आणि तेथून आगगाडीने पिंपरीला. यजमान हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. आज त्यांचा नातू एका क्रूझ जहाजावर वेटर आहे. त्याचा फोन आला की आजींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बोट लागत नाही ना रे?" आजींची बोट आणि नातवाची क्रूझ यांच्यामध्ये जो इतिहास आहे, तो या थ्रेडचा विषय.

३/
आरंभ हॅम्बुर्गपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिका जहाजवाहतूक जोरात होती. मात्र हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळला की उतारू रोडावत आणि महागडी जहाजे धक्क्याला पडून राहत. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या अल्बर्ट बालीन यांनी जानेवारी १८९१ मध्ये 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्राच्या सहलीला धाडले.

४/
सहल यशस्वी झाली. १९०० मध्ये याच कंपनीने केवळ सहलीसाठी बांधलेले 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे' हे जहाज पाण्यात उतरवले. तरीही पुढची साठ वर्षे हा जोडधंदाच राहिला. जहाजाचे खरे काम माणसांना आणि टपालाला पैलतीरी नेण्याचे होते. स्थलांतरित, सैनिक, व्यापारी, यात्रेकरू हे जहाजावर चढत, कारण दुसरी वाटच नव्हती.

५/
आपल्या किनाऱ्यावरही तेच चित्र होते. सह्याद्रीमुळे कोकणचे रस्ते बिकट, आणि रेल्वे तर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आलीच नाही. त्यामुळे मुंबईच्या गिरण्यांत राबणारा चाकरमानी आगबोटीने ये-जा करी. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी ही नावे त्याला तोंडपाठ असत.

६/
बहुतेक ठिकाणी मोठी बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसे, ट्रंका, फणस, कोंबड्या यांची ने-आण होई. बोट आणि पडाव दोन्ही हलत असताना मूल या हातातून त्या हातात द्यावे लागे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. मालवणच्या आजी म्हणतात, "बोट बंद झाली की मुंबई दूर जायची."

७/
या किनाऱ्यावर दीर्घकाळ बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा वरचष्मा होता. तिला लोक 'शेफर्ड कंपनी' म्हणत. स्वदेशी चळवळीच्या काळात तिच्यासमोर इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. लोकांनी तिला नाव दिले 'माझी आगबोट कंपनी'. बोटींची नावे तुकाराम, रामदास, सेंट झेवियर अशी होती. किनाऱ्यावरील हिंदू आणि ख्रिस्ती या दोन्ही उतारूंना आपलीशी वाटतील अशीच ती आहेत.

८/
मोठ्या समुद्रावरही स्वदेशीचा प्रयत्न झाला. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापली. तिचे पहिले जहाज 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. म्हणूनच ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. याच वालचंदांनी पुढे प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. जुन्या चिंचवडकरांना त्या कंपनीची ओळख करून देण्याची गरज नाही.

९/
'लॉयल्टी' मात्र नवे जहाज नव्हते. पूर्वी कॅनडा आणि चीन-जपान यांच्यामध्ये धावणारे 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे आलिशान जहाज १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. महायुद्धात त्याचे रुग्णालय-जहाज झाले आणि नंतर ते या कंपनीकडे आले. कंपनीचे 'सिंदिया' हे नावही त्याच घराण्यावरून. दुसऱ्याने वापरून सोडलेली ही 'एम्प्रेस' लक्षात ठेवा. तिची गरज पुढे पडेल.

१०/
यानंतरचे पान दुःखाचे आहे. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. गटारी अमावास्येच्या सणासाठी घरी निघालेल्या उतारूंनी भरलेली 'रामदास' बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि अर्ध्या-पाऊण तासात काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला बातमी कळायलाच कित्येक तास गेले.

११/
टायटॅनिकनंतर १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडून ३२ जण दगावले, तेव्हा जगभरच्या क्रूझ कंपन्यांनी जहाज सुटण्यापूर्वीच प्रवाशांना संकटकालीन कवायत देण्याचे मान्य केले. 'रामदास'चे नाव मात्र महाराष्ट्राबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. बुडालेल्या माणसाची आठवण तो कोणत्या वर्गाचे तिकीट काढून बसला होता, यावरही अवलंबून असते.

१२/
आता कथानकाला वळण देणारी घटना. ऑक्टोबर १९५८ मध्ये पॅन ॲमचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला उडाले. पाच-सहा दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. १९५० चे दशक संपण्यापूर्वीच अटलांटिक ओलांडणाऱ्यांत विमानप्रवासी संख्येने पुढे गेले. जहाजांचा मार्ग आकाशाने हिरावून घेतला. आता या जहाजांचे करायचे काय?

१३/
उत्तर एका अपघाती योगायोगातून आले. 'सनवर्ड' हे जहाज ब्रिटन आणि जिब्राल्टर यांच्यामधील फेरीसाठी बांधले होते. स्पेन-जिब्राल्टर सीमेच्या तंट्यामुळे तो धंदा बसला. तेव्हा मालक क्नूट क्लोस्टर यांनी टेड ॲरिसन यांच्याशी हातमिळवणी केली आणि डिसेंबर १९६६ मध्ये 'सनवर्ड' मायामीहून बहामाच्या सहलींना निघाले. मार्ग गमावलेल्या एका फेरीबोटीतून आधुनिक क्रूझ उद्योग जन्माला आला.

१४/
१९६८ मध्ये रॉयल कॅरिबियन आली. ॲरिसन यांनी क्लोस्टर यांच्याशी फारकत घेऊन १९७२ मध्ये कार्निव्हल काढली. तिचे पहिले जहाज 'मार्डी ग्रा' पहिल्याच सफरीत मायामीजवळ वाळूत रुतले. तरी कंपनी तरली आणि पुढे जगातील सर्वांत मोठी झाली. यातील युक्ती अशी की, ज्या विमानाने जहाजांचा धंदा बुडवला, तेच विमान आता थंड प्रदेशातील प्रवासी मायामीच्या धक्क्यापर्यंत आणून सोडू लागले.

१५/
आता आकडे पाहा. १९७० च्या सुमारास जगात वर्षाला अदमासे ५ लाख क्रूझ प्रवासी होते. १९९० मध्ये सुमारे ३८ लाख. २०१९ मध्ये २ कोटी ९७ लाख. महासाथीने २०२० मध्ये ही संख्या ६० लाखांच्या खाली आणली, २०२१ मध्ये ती आणखी घटली. २०२३ मध्ये ३ कोटी १७ लाखांवर जाऊन तिने जुना उच्चांक मोडला. अर्ध्या शतकात साठ पटींहून अधिक वाढ!

१६/
जहाजेही फुगली. टायटॅनिकचा आकार ४६,३२८ टन होता. २०२४ मध्ये प्रवास सुरू केलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'चा २,४८,६६३ टन, म्हणजे पाचपटींहून अधिक. (हे टन वजनाचे नव्हेत, जहाजाच्या आतील जागेचे माप आहे.) जहाज पूर्ण भरले की ७,६०० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी, अशी दहा हजारांच्या घरातील वस्ती त्यावर असते.

१७/
इतकी वाढ शक्य झाली त्यामागे दोन कारणे ठळक आहेत. जहाज जितके मोठे, तितका दर प्रवाशामागे खर्च कमी. आणि जहाजावर झेंडा कोणत्या देशाचा लावायचा, हे कंपनी निवडू शकते. कंपनी म्हणून कार्निव्हलची नोंदणी दीर्घकाळ पनामाची होती, रॉयल कॅरिबियनची लायबेरियाची. कर, वेतन, कामाचे तास यांवर त्याचा थेट परिणाम होतो. पाहुणे प्रामुख्याने श्रीमंत देशांचे. राबणारे हात फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारताचे.

१८/
त्या हातांत गोवेकर आणि कोकणी हात कित्येक पिढ्यांपासून आहेत. मुंबईत धोबी तलाव परिसरात गोव्याच्या गावागावांचे 'कूड' होते. पुढच्या जहाजावर काम मिळेपर्यंत खलाशी तेथे मुक्काम करीत. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' जहाज अडकले, सातशेहून अधिक जणांना कोविडची बाधा झाली. जहाजावरील १३८ भारतीयांपैकी १३२ कर्मचारी होते आणि प्रवासी फक्त ६. या उद्योगातील आपले स्थान सांगायला हा एक आकडा पुरे.

१९/
मग कोकणच्या बोटीचे काय झाले? तिचाही मार्ग हिरावला गेला, फक्त विमानाऐवजी एसटीने आणि रस्त्याने. चौगुले कंपनीच्या 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या गाजलेल्या बोटी, पण गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ही सेवा आटली. १९९० च्या दशकात दमानिया कंपनीची वेगवान कॅटामरान मुंबई-गोवा मार्गावर काही वर्षे धावली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण खुली झाली आणि बोटीची निकड संपली.

२०/
'सनवर्ड'ला मायामी मिळाली, 'कोकण सेवक'ला मिळाली नाही. माझ्या मते कारण प्रवाशांत आहे. चाकरमान्याला बोट हवी होती ती गावी पोहोचण्यासाठी. मौजेसाठी मोजायला त्याच्याकडे ना सुटी होती ना पैसा. त्यात पावसाळ्याचे बंद महिने आणि धक्के नसलेली बंदरे. धंदा वाढतो तो समुद्राच्या सौंदर्याने नव्हे, मोकळा वेळ आणि खिशात पैसा असणाऱ्या मध्यमवर्गाच्या बळावर.

२१/
तो वर्ग आपल्याकडे आता तयार झाला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली. २०१९ मध्ये 'कर्णिका' आली. २०२० मध्ये तिची कंपनी बुडाली आणि जहाज भंगारासाठी अलंगला गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेस सुरू झाली. तिचे जहाज रॉयल कॅरिबियनने १९९० मध्ये आणलेले, तीस वर्षे वापरून विकलेले. त्याचे नाव ठाऊक आहे? 'एम्प्रेस'!

२२/
१९१९ ची 'एम्प्रेस' आणि २०२१ ची 'एम्प्रेस', दोन्ही परक्यांनी वापरून सोडलेल्या. पण पहिलीमागे इंग्रजांच्या जहाजवाहतुकीच्या मक्तेदारीला आव्हान देण्याची जिद्द होती. दुसरीमागे शनिवार-रविवारची सहल आहे. सहलीला मी नावे ठेवत नाही, मलाही जायला आवडेल. एका शतकात आपण समुद्राकडे काय मागू लागलो, हा फरक मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपलाच पाहिजे.

२३/
या उद्योगाचा शेवटही आपल्याच किनाऱ्यावर होतो. १९६२ मध्ये अटलांटिकवर दिमाखाने उतरलेले 'फ्रान्स' १९७४ मध्ये निवृत्त झाले, १९८० मध्ये 'नॉर्वे' नावाने कॅरिबियन क्रूझ झाले आणि २००६ मध्ये तोडण्यासाठी गुजरातच्या अलंगला आले. जहाजबांधणी युरोपात, मौज कॅरिबियनमध्ये, भंगार अलंगमध्ये. जगाच्या अर्थकारणाचा नकाशा एका जहाजाच्या आयुष्यात वाचता येतो.

२४/
२० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईत बॅलार्ड पिअरला आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. क्षमता वर्षाला १० लाख प्रवाशांची, एका वेळी पाच जहाजांची. चांगली गोष्ट आहे. पण ज्या किनाऱ्याने शंभर वर्षे बोटीवर संसार चालवला, त्या किनाऱ्याच्या माणसाला गणपतीसाठी गावी जायला आजही रेल्वेच्या आरक्षणाच्या रांगेत ताटकळावे लागते. समुद्र पर्यटकाचा झाला. उतारूचा पुन्हा होईल का, हा प्रश्न उद्घाटनाच्या फितीबरोबर कापला जाऊ नये.

२५/
शेवटी एक विनंती. आगबोटीने प्रवास केलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे. क्रूझ कंपन्यांचे आकडे दर वर्षी छापले जातात. पडावात उतरताना पोटात आलेला गोळा कोणी नोंदवून ठेवलेला नाही. आपल्या घरी, शेजारी अशी आजी-आजोबा मंडळी असतील तर त्यांच्याजवळ बसा. बोटीचे नाव, बंदर, साल, तिकिटाचे पैसे, सोबत कोण होते ते विचारा आणि लिहून ठेवा. तुमच्या घरातील बोटीची आठवण या थ्रेडखाली अवश्य लिहा. मी ती आमच्या आजींना वाचून दाखवीन.