राइटिंग्टनला दोन फेऱ्या

१९६० : पहिली फेरी

बसमधून उतरताना तुम्ही आधी काठी टेकवता, मग दुखरा डावा पाय, मग उजवा. हा क्रम तुम्हाला कुणी शिकवलेला नाही. दुखण्यानेच तो बसवून दिलाय.

ठिकाण आहे इंग्लंडातल्या लँकेशायरमधलं राइटिंग्टन. समोरचं रुग्णालय १९३३ साली क्षयरोग्यांसाठी उघडलं. आता क्षयावर औषधं निघाली आहेत, खाटा रिकाम्या होत चालल्या आहेत आणि त्यांवर तुमच्यासारखे खुबा झिजलेले लोक येऊ लागले आहेत. तुम्ही कापडगिरणीत विणकर. उभं आयुष्य मागांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत उभ्याने गेलं. आता जिना चढवत नाही, रात्री कूस बदलली की जाग येते आणि डाव्या पायात मोजा चढवायला घरातलं कुणीतरी लागतं.

तपासायला जॉन चार्नली येतात. पन्नाशीला टेकलेले, जवळच्याच बरी गावातल्या औषधविक्रेत्याचा मुलगा. ते तुम्हाला आधी चालायला लावतात, मग खाटेवर झोपवून पाय आत-बाहेर वळवून पाहतात. आत तो वळतच नाही. दुखणं जांघेत आहे आणि अधूनमधून गुडघ्यात उतरतं, हे तुम्ही सांगायच्या आत ते ओळखतात.

आजवर अशा खुब्याला मोजक्याच वाटा होत्या. सांधा कायमचा जखडून टाकायचा, म्हणजे वेदना थांबते पण पाय काठीसारखा ताठ राहतो. नाहीतर सांध्याचं हाडच काढून टाकायचं आणि उरलेलं आयुष्य लंगडत काढायचं. पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी १९४६ पासून मांडीच्या हाडावर ॲक्रिलिकचा गोळा बसवायला सुरुवात केली. तसा गोळा बसवलेला एक माणूस चार्नलींकडे आला होता. तो पुढे वाकला की त्याचा खुबा करकरायचा आणि त्या आवाजाने बायको वैतागून गेली होती. चार्नलींनी त्या करकरीमागचं घर्षण पकडलं. प्लास्टिक हाडावर घासत होतं, गोळा अडत होता आणि प्रत्येक पावलाला हाडातली पकड सुटत चालली होती. एका पायावर भार आला की खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. तेवढ्या दाबाखाली जे सहज सरकेल, तेच टिकणार.

म्हणून तुमच्या शरीरात आता दोन गोष्टी बसणार आहेत. मांडीच्या हाडात स्टीलचा दांडा, त्याच्या टोकाला नैसर्गिक गोळ्याच्या जेमतेम निम्म्या आकाराचा स्टीलचा गोळा. कमरेच्या हाडात टेफ्लॉनची जाड वाटी. गोळा लहान, म्हणजे घर्षणाचा पीळ कमी. टेफ्लॉन निसरडं, म्हणजे तो आणखी कमी. दोन्ही हाडात बसवायला ॲक्रिलिकचं सिमेंट, दातांच्या कवळ्या ज्या जातीच्या पदार्थाच्या करतात त्याच जातीचं. हे सिमेंट चिकटवण्याचं काम करत नाही. फरशीखाली घातलेल्या मालासारखं ते फटी भरतं आणि भार सगळीकडे वाटून देतं.

तुमची तयारी फार नाही. छातीचा एक्स-रे, रक्तगट, आदल्या रात्रीपासून उपास, आणि परिचारिकेने घासूनपुसून स्वच्छ केलेली मांडी. घरी पायऱ्या किती, खुर्ची केवढी उंच, हे कुणी विचारत नाही. १९४८ पासून देशात सरकारी आरोग्यसेवा आहे, त्यामुळे बिलाची चिंता तेवढी नाही.

शुद्धीवर येता तेव्हा दोन्ही पाय एकमेकांपासून फाकवून ठेवलेले असतात, मध्ये उशी. उठायचं नाही, कूस बदलायची नाही. इथे दिवस आठवड्यांच्या हिशेबाने मोजतात. पडून राहिल्याने पोटरीतल्या शिरांत रक्ताची गाठ धरण्याची आणि ती फुप्फुसात जाऊन जीव घेण्याची भीती सगळ्यांना आहे, पण हाड जुळेपर्यंत उठवायचीही भीती आहे. कारण सांध्यापर्यंत पोचण्यासाठी चार्नलींनी मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून बाजूला घेतलाय आणि मग तारेने परत बांधलाय.

तरीही काहीतरी वेगळं आहे. जखम ठणकते, पण जांघेतली ती जुनी, खोल वेदना गेलेली आहे. कुबड्यांवर पहिल्यांदा उभे राहता आणि डाव्या पायावर भार टाकता. काही होत नाही. दोन वर्षांनी प्रथमच तुम्ही मोजा स्वतःच्या हाताने घालता.

१९६२ : गोळा वाटी खातो

वर्ष-दीड वर्ष मजेत जातं. मग जांघेत पुन्हा काहीतरी टोचू लागतं. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग पहिल्याच पावलाला. एक्स-रेमध्ये स्टीलचा गोळा वाटीत वर चढलेला दिसतो. त्याने टेफ्लॉन घासून स्वतःसाठी बोगदा केलाय. झिजलेल्या कणांनी सांध्याभोवती पांढरट, चिकट गोळे धरले आहेत आणि शरीर त्या कणांशी झगडताना शेजारचं हाडही खातंय.

तुम्ही एकटे नाही. सुमारे तीनशे लोकांना चार्नलींनी टेफ्लॉनची वाटी बसवली होती. ते सगळे एकामागून एक परत येताहेत. कुणी रागाने, कुणी हताश होऊन, बरेचसे निमूटपणे. चार्नली त्यांना टाळत नाहीत. ते प्रत्येकाला तपासतात आणि काढलेली प्रत्येक वाटी मोजून ठेवतात. पुढे ते टेफ्लॉनचा तुकडा स्वतःच्या मांडीत घालून घेणार आहेत, शेजारी दुसऱ्या एका प्लास्टिकचा तुकडा. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागेल अशी गाठ धरेल आणि दुसऱ्या तुकड्याची जागा शोधूनही सापडणार नाही.

ते दुसरं प्लास्टिक कुठून आलं, हे पाहायला मे १९६२ मध्ये रुग्णालयातल्याच प्रयोगशाळेत डोकावा. तिथे हॅरी क्रेव्हन नावाचे तंत्रज्ञ एक यंत्र चालवतात. त्यात वाटीत गोळा रात्रंदिवस फिरत असतो आणि झीज मोजली जाते. एक विक्रेता एक नमुना घेऊन येतो : उच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन. लँकेशायरच्या मागांमधली दातेरी चाकं या प्लास्टिकची करतात. तुम्ही ज्या मागांवर उभे राहून खुबा झिजवला, त्याच मागांचा माल. चार्नली नमुना हातात घेतात, नखाने दाबून पाहतात आणि वेळ फुकट घालवू नका म्हणतात. मग ते परदेशी जातात आणि क्रेव्हन तो तुकडा यंत्रावर चढवतात.

तीन आठवड्यांनी मोजमाप होतं. तीन आठवड्यांत जेवढी झीज झाली, तेवढी टेफ्लॉनची एका दिवसाच्या आत होत असे. परतलेले चार्नली यंत्रापुढे उभे राहून बघत राहतात. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिएथिलीनची पहिली वाटी रुग्णाला बसते.

जानेवारी १९६३ : दुसरी फेरी

नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून पडू लागलेला बर्फ अजून हटलेला नाही. इंग्लंडने दोनशे वर्षांत इतका गारठ्याचा हिवाळा पाहिलेला नाही. तुम्ही पुन्हा राइटिंग्टनच्या खाटेवर आहात, आणि यावेळी तुम्हाला माहीत आहे काय काय होऊ शकतं.

शस्त्रक्रियागृहात एक नवीनच गोष्ट आहे : खोलीच्या आत काचेची खोली. लोक तिला ग्रीनहाऊस म्हणतात. वरून गाळलेली हवा सतत आत येते. सुरुवातीच्या काळात शंभरातल्या सुमारे सात जणांच्या जखमेत जंतू शिरत होते. सांध्यातला परका धातू जंतूंचं आवडतं घर आहे, आणि तिथे एकदा ते बसले की पेनिसिलीनलाही दाद देत नाहीत. हवा गाळून, पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या अंगावर श्वास बाहेर खेचून घेणारे पोशाख चढवून, हे प्रमाण १९७० पर्यंत एका टक्क्याच्या खाली जाईल.

जुनी वाटी निघते, चिकट लगदा साफ होतो, नवी वाटी बसते. पुन्हा फाकवलेले पाय, पुन्हा उशी, पुन्हा आठवडे. यावेळी तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या घोटा वरखाली करत राहता, मांडीचा स्नायू आवळून सोडता. कुबड्या येतात, पण बाहेरचा बर्फ वितळेपर्यंत परिचारिका तुम्हाला वॉर्डाच्या बाहेर पाऊल टाकू देत नाही.

जाताना एक विनंती होते. दरवर्षी दाखवायला या. आणि तुमच्या मृत्यूनंतर हा खुबा आम्हाला तपासायला परत मिळावा, याला संमती द्या. चार्नली आपल्या रुग्णांना हे खरोखरच विचारत, आणि बहुतेक जण हो म्हणत. तुम्हीही हो म्हणता. पुढची अनेक वर्षं चार्नली इतर शल्यविशारदांना सांगत राहतात की आधी राइटिंग्टनला येऊन शिका, मगच हा सांधा विकत मिळेल. टेफ्लॉनच्या त्या तीनशे जणांनंतर त्यांना घाई परवडणारी नव्हती.

आज : पुणे

आता त्याच खुब्याचं दुखणं घेऊन पुण्यात उतरा. शेजारच्या खाटेवर चाळिशीतला माणूस आहे. आपल्याकडे स्टेरॉइड, दारू किंवा कधी काहीच कारण न सापडता गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मरतं आणि तरुण वयातच खुबा बदलावा लागतो. चार्नली एवढ्या तरुण माणसाला शक्यतो हात लावत नसत.

तयारी यावेळी तुमच्या घरापासून सुरू होते. पायपुसण्या उचला. न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, कमोडवर उंच बैठक चढवा. उकिडवं बसायचा संडास काही काळ बंद. पाट, चौरंग, जमिनीवरची पंगत हेही बंद. देवघर खाली असेल तर समोर खुर्ची घ्या. दात किडला असेल तर आधी दंतवैद्याकडे जा, साखर आटोक्यात आणा, लघवीचा संसर्ग तपासा, तंबाखू आणि मशेरी सोडा. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही.

पाठीतल्या इंजेक्शनने कमरेखालचा भाग बधिर होतो. आणि मग, संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी, फिजिओथेरपिस्ट वॉकर पुढे करते : "चला, उभं राहायचं आता." तुम्हाला १९६० मधल्या त्या खाटेवरचे आठवडे आठवतात आणि तुम्ही तिच्याकडे संशयाने पाहता. पण पाय भार घेतो. जिन्याला तुमचाच जुना नियम ती शिकवते : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. काठी मात्र विरुद्ध बाजूच्या हातात, म्हणजे खुब्यावरचा दाब हलका होतो. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर सुरुवातीचे सहा ते बारा आठवडे मांडीवर मांडी नको, पाय आत वळवायचा नाही, कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. वडीलधाऱ्यांना नमस्कार उभ्यानेच. रक्त गोठू नये म्हणून औषध सुमारे ३५ दिवसांपर्यंत. पोटरी सुजली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर फोन त्याच दिवशी.

सहा आठवड्यांत तुम्ही बहुधा काठीवर किंवा काठीविना असाल, आणि इथेच बहुतेक जण रुग्णालयाला रामराम ठोकतात. दुखत नाही, मग जायचं कशाला?

कारण सांधा सैल होताना बराच काळ आवाज करत नाही. एक्स-रेला तो आधी कळतो, तुम्हाला नंतर. आणि कारण हा खुबा ज्यांच्यामुळे इतका भरवशाचा झाला, ते परत आले होते. स्वीडनने १९७९ पासून प्रत्येक बदललेल्या खुब्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. धातूवर धातू घासणारा एक सांधा २०१० मध्ये जगभरातून मागे घ्यावा लागला, तोही ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या अशाच नोंदींनी पकडून दिला. २५ वर्षांनंतरही शंभरातले ५८ खुबे टिकतात, हा २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला हिशेबही अशाच नोंदींवर उभा आहे. भारतातही नोंदवही आहे, पण ती भरायची सक्ती नाही.

म्हणून घरी जाताना तुमच्या सांध्याच्या पेटीवरची चिठ्ठी, ज्यावर वाटीचा आणि गोळ्याचा नाव-नंबर असतो, मागून घ्या आणि फाइलमध्ये लावून ठेवा. पुढच्या तपासणीची तारीख तिथेच लिहून घ्या. त्या दिवशी जिना भराभर चढत असाल तरी जा. न दुखणारा खुबाही कुणीतरी मोजावा लागतो, तेव्हाच पुढच्या माणसाला काय बसवायचं ते कळतं.