दिवा बाळगणारा मासा

बांदा बेटांवरील कोळी अंधाऱ्या रात्रीं गळाला एक चमत्कारिक आमिष लावीत असत. तें म्हणजे ‘लेवेरी’ माशाच्या डोळ्याखालील प्रकाशणारें इंद्रिय. कापून काढल्यावरहि तें कित्येक तास निळसर तेजानें चमकत राही. युरोपीय पंडितांना मात्र या माशाची ओळख झाली ती निष्प्राण देहावरून. बोडार्टनें १७८१ सालीं त्याचें वर्णन केलें आणि त्याला ‘पापणीवाला’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें; त्या नांवांत उजेडाचा मागमूसहि नाहीं!

प्रिन्स्टनच्या हार्वे या शास्त्रज्ञानें बांदा येथें जिवंत मासे तपासून १९२२ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. हा उजेड माशाचा स्वतःचा नव्हे, त्या इंद्रियांत वस्ती केलेल्या जिवाणूंचा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या जिवाणूंना बाहेर वाढवून प्रकाशित करणें मात्र त्याला साधलें नाहीं. त्यांनीं स्वतंत्रपणें वाढण्याची शक्तीच बहुतांशीं गमावली आहे, असें अलीकडील जनुकांच्या अभ्यासावरून दिसतें. हे भाडेकरू अखंड जळतात. दिवा झांकण्याचें काम घरमालकाकडे! लेवेरीच्या दोन जाती आहेत. एक काळ्या त्वचेची घडी पापणीसारखी वर ओढते, तर दुसरी सबंध इंद्रियच आंत फिरविते.

गॉसच्या १८५४ मधील पुस्तकानें इंग्लंडांत घरोघरीं समुद्रजलाच्या कांचपेट्या आणल्या. त्या दिवाणखान्यांत, लख्ख उजेडांत शोभेसाठीं ठेवल्या जात. लेवेरीला अशी पेटी म्हणजे शिक्षाच. हा मासा दिवसा खडकांच्या कपारींत दडतो व चंद्र नसलेल्या रात्रीं वर येतो. आज फिलिपाइन्स व इंडोनेशियांतून तो हौशी लोकांपर्यंत पोहोंचतो. त्याला काळोखी खोली, लपावयास पोकळ दगड आणि रात्रीं घातलेलें बारीक कोळंबीसारखें खाद्य लागतें. या शेवटच्या बाबतींत हयगय चालत नाहीं. उपाशी राहिलेल्या माशाचा दिवा मंदावत जाऊन विझतो, अशी नोंद १९७६ सालीं प्रसिद्ध झाली. धन्याची उपासमार पाहुण्यांना प्रथम भोंवते.

बोखुम येथील संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, काळोखांत हा मासा एरवीं भराभर उघडझांप करतो; भक्ष्याची चाहूल लागतांच दिवा अधिक वेळ उघडा ठेवतो. घरीं पाळणाऱ्यालाहि पेटींत दिसतात ते हे लुकलुकणारे ठिपकेच. मासा पाहण्यासाठीं त्यानें बत्ती लावली, कीं दगडाआड शिरणारी एक काळी शेपटी तेवढी दिसते.