आडोसा

मराठी माणसाच्या बोलण्यात कुंपण हमखास येतं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि कधीकधी कुंपणच शेत खातं. आज या कुंपणाचाच थोडा इतिहास सांगणार आहे. निमित्त घरगुती आहे. यवतमाळच्या एका नव्या वस्तीत घर बांधलेल्या स्नेह्यांना अंगणाला आडोसा हवा होता. भिंत घालावी की झाडं लावावीत, असं त्यांनी मला विचारलं.

आमच्या कापसाच्या मुलखात आडोसा ही बागेची हौस नव्हती. वेचण्या संपल्या की पऱ्हाट्या उपटायच्या. काही चुलीत जात, काहींचा कुड होई आणि काहींची ताटी. त्या ताटीआड घरातल्या बायकांची न्हाणी असे. एवढीच त्यांची खासगी जागा. पावसात ताटी कुजे, वाळवी लागे, म्हणून पुन्हा नवी बांधावी लागे. तिच्या फटींतून सहज दिसलं असतं. पण पलीकडून जाणारा माणूस आधी खाकरत असे आणि मान वळवून पुढे जात असे. खरा आडोसा त्या खाकरण्याचा होता.

वाळक्या कुंपणाची हीच कटकट एकदा इंग्रज सरकारलाही झाली होती. कमी कराचं मीठ जास्त कराच्या मुलखात शिरू नये म्हणून त्यांनी सिंधू नदीपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली. लांबी सुमारे २३०० मैल, पहाऱ्याला बारा-चौदा हजार माणसं. आधी काट्यांचे ढीग रचले, पण त्यांना वाळवी लागे, आग लागे. १८६७ साली या खात्याचे आयुक्त झालेले ॲलन ह्यूम यांनी जिवंत कुंपणावर भर दिला. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, जिथे जे रुजेल ते लावलं. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. या कुंपणाचं दक्षिण टोक तापीकाठच्या बऱ्हाणपूरला होतं, म्हणजे आपल्या वऱ्हाडच्या उंबऱ्याशीच.

हे कुंपण कुठे कुठे बारा फूट उंच होतं. तरी चोरटं मीठ येतच राहिलं आणि पहारेकरी लाच खातच राहिले. इथे कुंपणानं खरोखरच शेत खाल्लं! पुढे सरकारनं मिठाचे मोठे साठेच ताब्यात घेऊन तिथेच कर बसवला आणि १ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा उठवली. पहारा गेला आणि कुंपणही नाहीसं झालं. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज अभ्यासकानं त्याचा शोध घेऊन २००१ साली पुस्तक लिहिलं. बरीच पायपीट केल्यावर उत्तर प्रदेशातल्या इटावा भागात त्यांना त्याचा थोडासा माग सापडला.

कुंपणाची दुसरी तऱ्हा साहेबांच्या बंगल्यांबरोबर आली. १८५३ साली निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. कचेऱ्या आल्या, बंगले आले, कात्रीनं सारखी केलेली कुंपणं आली. विलायतेत बीच नावाच्या झाडाचं कुंपण करतात. छाटलेल्या बीचची पानं हिवाळ्यात वाळतात, पण बरीचशी फांदीवरच राहतात, त्यामुळे आडोसा मोडत नाही. आपल्या वैशाखाच्या उन्हात ते झाड तग धरायचं नाही. इथे मेंदी शोभली. गरिबाच्या कुंपणाला मात्र बेशरम आली. मूळची दक्षिण अमेरिकेतली, फांदी खोचली की जगणारी आणि गुरं तोंड लावत नाहीत अशी.

स्नेह्यांना मी मेंदी सुचवली. मृगाचा पाऊस झाला की दोन ओळींत, हातभर अंतरानं लावा. रोपं गुडघ्याएवढी झाली की शेंडे छाटा, म्हणजे बुडापासून फुटवे येतील. दाट व्हायला दोन-तीन वर्षं लागतील. तोवर पऱ्हाट्यांची ताटी आहेच.

आणखी एक सांगितलं. रोपं लावण्याआधी शेजाऱ्यांकडे चहाला जाऊन या. भिंतीला कुणाला विचारावं लागत नाही. मेंदी मात्र दोन्ही अंगांनी वाढते आणि तिची पलीकडची बाजू शेजाऱ्यालाच छाटावी लागते. त्याचं मन नसेल तर बारा हजार पहारेकरीही पुरत नाहीत, हे आपण पाहिलंच आहे.