ग्रेगसन, बॅटली अँड किंग
मुंबईतील जुनी वास्तुविशारद संस्था. तिची वैचारिक ओळख घडवली क्लॉड बॅटली (१८७९–१९५६) यांनी. १९१३ साली मुंबईत आलेले बॅटली १९२३ ते १९४३ या काळात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. त्यामुळे संस्थेचा विचार वर्गांतूनही पसरला. जुन्या इमारतींची नुसती नक्षी उचलण्यापेक्षा त्यांची प्रत्यक्ष मापे घ्यावीत आणि सावली, वारा, पाऊस यांचा मेळ तिथे कसा घातला आहे ते शिकावे, हा बॅटलींचा मोलाचा आग्रह. मुंबई सेंट्रल स्थानक (१९३०) ही बॅटलींची सर्वांत परिचित वास्तू. मलबार हिलवरील महंमद अली जिनांच्या बंगल्याची रचनाही त्यांचीच.